टेन्शन म्हणण्याआधी बोटाला सुई टोचा

श्वास जोरजोरात चाललाय, ऑक्सिमीटरवर ९८ दिसतंय, छातीला नळी लावली तर आवाज साफ. या तीन गोष्टी एकत्र आल्या की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं: "तिले काई झालं नाई, नुस्तं टेन्शन घेतलं तिनं." पोरगी दहावी-बारावीची असेल तर परीक्षेचं टेन्शन. नवी सून असेल तर माहेरची आठवण. पंचेचाळिशीची बाई असेल तर "या वयात होतेच असं". मग एक झोपेचं इंजेक्शन, एक ताकदीची सलाईन, आणि घरी रवानगी.

माझं म्हणणं सरळ आहे. बोटाच्या टोकावरचा एक थेंब तपासल्याशिवाय जोराच्या श्वासाला टेन्शन म्हणायचा अधिकार कोणालाच नाही. मग तो मोठा एमडी असो, गावातला जुना डॉक्टर असो की घरातला कर्ता माणूस.

कारण या तिन्ही गोष्टी एका जीवघेण्या आजारात अगदी अशाच दिसतात. त्याचं नाव डायबेटिक कीटोअॅसिडोसिस, दवाखान्यातल्या बोलण्यात डीकेए. शरीरात इन्सुलिन संपलं किंवा फारच कमी पडलं की रक्तात साखर भरपूर असूनही ती पेशींच्या आत शिरत नाही. मग शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून कीटोन नावाची आम्लं तयार होतात. रक्त आंबट होऊ लागतं. ते आम्ल कमी करायचा सगळ्यात झटपट मार्ग म्हणजे कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकणं, म्हणून श्वास खोल आणि जलद होतो. फुप्फुसं निरोगीच असतात. म्हणून छाती साफ, म्हणून ऑक्सिजन ९८. अडॉल्फ कुसमाउल या जर्मन डॉक्टरने १८७४ मध्ये या श्वासाचं वर्णन लिहून ठेवलं आणि आजही तो त्याच्याच नावाने शिकवला जातो.

कोरोनानंतर ऑक्सिमीटर गावोगाव पोचला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्याने एक खोटा दिलासाही दिला. ऑक्सिमीटर फक्त ऑक्सिजन सांगतो. रक्त किती आंबट झालंय, साखर किती आहे, हे त्याला कळत नाही. उलट, धाप एवढी आणि ऑक्सिजन एकदम चांगला, असं दिसलं की लगेच साखर बघायची, असा नियम डोक्यात पक्का बसायला हवा.

हा श्वास ओळखायचा कसा, ते नीट सांगतो. पेशंटला कळू न देता पोटाकडे आणि छातीकडे बघत घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, त्यात चूक होते. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो, दहा-बारा वर्षांच्या मुलाचा साधारण १८ ते २५. डीकेएत तो ३०-३५ च्याही वर जाऊ शकतो, पण आकड्यापेक्षा खोली महत्त्वाची. प्रत्येक श्वास तळापासून ओढलेला, आणि एका श्वासात आणि दुसऱ्यात थांबाच नाही. लय एकसारखी. पेशंटशी गप्पा मारा, लक्ष दुसरीकडे वळवा, तरी फरक पडत नाही. डोळा लागला तरी श्वास तसाच चालू राहतो. ही शेवटची खूण सगळ्यात कामाची. घाबरण्याचा श्वास झोपेत शांत होतो, आम्लाचा होत नाही.

घाबरण्याचा झटका वेगळा असतो. तो अचानक येतो, बहुधा दहा मिनिटांत कळसाला पोचतो आणि अर्ध्या-पाऊण तासात ओसरतो. मध्येमध्ये उसासे असतात, लय तुटक असते. ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, कधी हाताची बोटं आखडतात. डीकेए काही तासांत, एक-दोन दिवसांत चढत जातो आणि त्याला सोबत असते: उलट्या, पोटदुखी, सुकलेली जीभ, गळून गेलेलं अंग, सुस्ती. तोंडाला गोडसर, पिकलेल्या फळासारखा नाहीतर नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा वास येतो. मात्र हा वास काही जणांना येतच नाही, तेव्हा "वास नाही, म्हणजे डीकेए नाही" असं कधीच ठरवू नका. आणि मोठ्या पुरुषाच्या तोंडाला हा वास आला, तो बरळायला लागला, की "पिऊन आला" म्हणून त्याला ओट्यावर झोपवून ठेवतात. तिथेही आधी साखर बघा.

एक जास्त फसवी अवस्था आहे. बराच वेळ धापा टाकून पेशंट थकतो, श्वास मंद आणि उथळ होतो. घरच्यांना वाटतं, गोळी लागू पडली, शांत झाली पोरगी. डीकेएत हा उतार नसतो. हा शेवटचा टप्पा असू शकतो.

आता टेन्शन समजून जे उपचार होतात, त्यांचं काय होतं ते बघा. तोंडाला कागदाची पिशवी लावणं: पेशंट बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड परत आत घेतो, रक्त आणखी आंबट होतं. डायझेपाम, लोराझेपाम, मिडाझोलामसारखं झोपेचं इंजेक्शन: ज्या श्वासाच्या जोरावर माणूस तग धरून आहे, तोच दाबला जातो. वर सुस्ती औषधाची की आजाराची, हे नंतरच्या डॉक्टरला कळत नाही. दमा समजून दिलेलं स्टेरॉइड साखर आणखी चढवतं. आणि ताकदीची सलाईन म्हणजे बहुतेक वेळा ग्लुकोजची बाटली, डी-फाइव्ह नाहीतर डीएनएस. ५ टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. ज्याच्या रक्तात साखर आधीच ४००-५०० आहे, त्याला तपासणीआधी ती लावायची? गावात सलाईन मागणारे आपणच असतो, हेही खरं. "एक बाटल लावून द्या साहेब" म्हणताना पुढचं वाक्य "आधी शुगर पाहा" असं असू द्या.

कोणाला कधी शंका घ्यायची? घरच्यांना चार गोष्टी विचारा. पाणी किती पितो? रात्री लघवीला किती वेळा उठतो? गेल्या महिन्याभरात कपडे ढिले झाले का? उलटी झाली का? लहान मूल असेल तर आणखी एक: बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं का? मोरीत लघवीच्या जागी मुंग्या लागतात का, हा प्रश्न आपल्या आजीला माहीत होता. तो आजही तितकाच उपयोगी आहे.

विदर्भात यात एक खास गोची आहे. एप्रिल ते जून चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पारा ४४-४५ च्या वर जातो. तेव्हा तहान कोणालाही लागते. पोरगं तांब्यामागून तांबे पाणी पितं, वाळत जातं, उलट्या करतं, आणि आपण म्हणतो "ऊन लागलं". मग पन्हं, रसना, लिंबू-साखर, उसाचा रस. फरक ओळखायला एक साधी खूण आहे. ऊन लागलेल्या, पाणी कमी पडलेल्या माणसाची लघवी कमी आणि पिवळी होते. डीकेएच्या पेशंटची जीभ कोरडी ठक्क, डोळे खोल गेलेले, तरी लघवी भरपूर चालूच. सुकलेला माणूस आणि भरपूर लघवी हे एकत्र दिसलं की उन्हाला दोष देणं थांबवा. (फवारणीच्या दिवसांत धाप, उलट्या आणि बरळणं यांचं आणखी एक कारण असतं, विषबाधा. तिथे डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो. तीही दवाखान्याचीच केस.)

अंगात आलं, हवा लागली, बाहेरचं आहे, म्हणून मेळघाटात भुमकाकडे किंवा इतरत्र जाणत्याकडे नेतात. ज्याची श्रद्धा आहे त्याच्याशी वाद घालत बसण्यात वेळ जातो, आणि इथे वेळच तर नसतो. सरळ म्हणा, आधी बोट टोचू, मग जिथे जायचं तिथे जाऊ. बऱ्याच घरांत हे पटतं.

आता बोट टोचण्याबद्दल, कारण इथेही चुका होतात. हात साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडे करा. आंबा, गूळ, मोहफुलं हाताळलेल्या बोटावरची साखर थेंबात मिसळते आणि मशीन खोटा मोठा आकडा दाखवते. सॅनिटायझरने हे निघत नाही, पाणीच हवं. नवी सुई घ्या. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचा, दुखतं कमी. थेंब आपोआप यायला हात खाली लोंबू द्या, बोट पिळू नका. स्ट्रिपची डबी लगेच घट्ट बंद करा. बऱ्याच डब्यांवर ३० अंशांच्या आत ठेवा असं छापलेलं असतं, आणि आपण ती पत्र्याच्या खोलीत, गाडीच्या डिक्कीत ठेवतो. उन्हाने आणि ओलीने स्ट्रिप बिघडते आणि आकडा चुकतो. मुदत बघा. मशीन खूप तापलं असेल तर ते चालतच नाही किंवा एरर देतं. सावलीत पाच-दहा मिनिटं ठेवून पुन्हा लावा.

आकड्याचा अर्थ असा घ्या. तहान, लघवी, वाळणं ही लक्षणं आणि केव्हाही तपासलेली साखर २०० किंवा त्याहून जास्त, म्हणजे मधुमेह. मूल असेल तर त्याच दिवशी मोठा दवाखाना. "उद्या उपाशीपोटी या" हे वाक्य इथे चालत नाही, तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट यायची वाटही बघायची नाही. गडचिरोली-चंद्रपूरकडे सिकलसेलचे पेशंट बरेच आहेत आणि त्यांच्यात तो तीन महिन्यांचा रिपोर्ट तसाही भरवशाचा नसतो. मशीनवर आकड्याऐवजी इंग्रजीत 'हाय' अशी दोन अक्षरं आली, तर साखर मशीनच्या मोजपट्टीच्या बाहेर गेलीय, बहुतेक मशीनमध्ये ६०० च्या वर. मशीन बिघडलं समजून नव्या स्ट्रिपा घालवत बसू नका, हात धुऊन फार तर एकदा पुन्हा तपासा आणि निघा. २५० च्या वर साखर आणि उलटी किंवा धाप असेल तर लघवीची कीटोन पट्टी बघा. मेडिकलमध्ये मिळते. ताज्या लघवीत बुडवायची, डबीवर लिहिलेल्या सेकंदांनी रंग जुळवायचा, उशिरा वाचली तर चुकते. जांभळेपणा जितका गडद तितके कीटोन जास्त. पट्टी मिळाली नाही म्हणून निघायला उशीर मात्र करू नका.

आणि एक अपवाद, जो डॉक्टरांच्याही नजरेतून सुटतो. ज्यांच्या गोळीच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' आहे (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे), त्यांना साखर २०० च्या खाली असतानाही डीकेए होऊ शकतो. ही गोळी साखर लघवीवाटे काढून टाकते, म्हणून मशीनवरचा आकडा बरा दिसतो आणि आत आम्ल साचत राहतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्येच याबद्दल इशारा दिला. गोळी वाईट नाही, हृदयाला आणि किडनीला तिचा मोठा उपयोग आहे. पण उलट्या लागल्या, जेवण बंद झालं, नवरात्रात नऊ दिवसांचे कडक उपास धरायचे असले, ऑपरेशन ठरलं, तर ती थांबवायची का आणि कधी, हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. अशा पेशंटला धाप आणि उलटी असेल तर साखर काहीही असो, कीटोन तपासा. गरोदर बाईचंही तसंच, तिच्यात डीकेए कमी साखरेतही होतो.

साखर कमी झाली तरी माणूस घाबऱ्यासारखाच दिसतो: थरथर, दरदरून घाम, छातीत धडधड, चिडचिड. आकडा ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर वर आली तरी काही तासांनी पुन्हा घसरते, म्हणून त्यांना दवाखान्यात ठेवणंच बरं.

ज्यांना मधुमेह आधीच माहीत आहे, त्यांच्यात डीकेए बऱ्याच वेळा इन्सुलिन चुकल्याने होतो. "ताप आहे, जेवत नाही, मग इन्सुलिन कशाला?" ही समजूत सगळ्यात घातक. आजारपणात साखर चढते. टाइप १ म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही असा मधुमेह; त्या मुलाचं दिवसभराचं मूळ इन्सुलिन जेवण नसलं तरी बंद करायचं नसतं. डोस किती ठेवायचा ते डॉक्टर ठरवतील, पण बंद नाही. दुसरी चूक सिरिंजची. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिटचं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटच्या सिरिंजचं टोपण केशरी. दुकानदाराने केशरी दिली आणि ४० च्या बाटलीतून २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर पोटात जातात फक्त ८ युनिट. रोज इमानदारीने सुई टोचूनही पोरगं डीकेएत जातं आणि दोष त्याच्या खाण्याला लागतो. उलट झालं, म्हणजे १०० च्या औषधाला लाल टोपणाची सिरिंज, तर अडीचपट डोस. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दुकानातच जुळवून घ्या. उन्हाळ्यात फ्रिज नसेल, वीज जात असेल, तर बाटली कोरड्या डबीत घालून दोन मडक्यांच्या मधल्या ओल्या वाळूच्या जुगाडात ठेवा. उन्हात तापलेलं किंवा बर्फाला टेकून गोठलेलं इन्सुलिन दिसायला चांगलं असलं तरी टाकून द्या.

दवाखाना लांब असतो, हे वेगळं सांगायला नको. धारणीहून अमरावती, सिरोंच्याहून गडचिरोली, हे अंतर तासांत मोजायचं. म्हणून १०८ ला फोन करतानाच "शुगर ४८०, धाप, उलट्या" असं बोला, "चक्कर आली" असं नाही. शुद्धीवर असेल आणि उलटी थांबली असेल तर साधं पाणी घोटघोट द्या. शीतपेय, रस नाही. नव्या पेशंटला शेजाऱ्याचं इन्सुलिन टोचू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात सुरुवात करायची ती नॉर्मल सलाइनने, म्हणजे ग्लुकोज नसलेल्या मिठाच्या पाण्याच्या बाटलीने: मोठ्या माणसाला पहिल्या तासात साधारण अर्धा ते एक लिटर, हृदय-किडनीचा पेशंट असेल तर हात आखडता. मुलांना किलोमागे १० ते २० मिली, पहिल्या अर्ध्या-एक तासात. मुलांना घाईने जास्त पाणी देऊ नये, मेंदूला सूज येण्याचा धोका त्यांच्यात जास्त असतो. इन्सुलिन दिलं की रक्तातलं पोटॅशियम घसरतं, ते ३.५ च्या खाली असेल तर इन्सुलिन आधी द्यायचं नसतं. ते तपासायची सोय नसेल तर सलाइन चालू ठेवा आणि इन्सुलिनचं मोठ्या दवाखान्याशी फोनवर बोलून ठरवा. मुलांना इन्सुलिनचा सुरुवातीचा एकदम मोठा डोस नकोच.

हे सगळं लिहिताना एक स्पष्ट करतो. घाबरण्याचे झटके खरे असतात, त्यांना नाटक म्हणणं हा दुसरा अन्याय. साखर आणि कीटोन ठीक, बाकी तपासणीत दमा, हृदय, रक्तक्षय, किडनी यांपैकी काही नाही, तर त्या माणसाला मनाच्या आजारावर नीट उपचार हवेत. टेलिमानस या सरकारी मानसिक मदतसेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. पण ज्याला आधीपासून घाबरण्याचा आजार आहे, त्यालाही मधुमेह होतोच. जुन्या फाइलवर 'अँक्झायटी' लिहिलेलं असलं की कोणी बोट टोचत नाही, आणि तिथेच घात होतो. बायकांच्या, पोरींच्या वाट्याला हे जास्त येतं, कारण त्यांचं दुखणं मनावर ढकलायची सवय आपल्याला आधीपासूनच आहे.

सरकारी तपासणीतही एक फट आहे. आशाताई घरोघर जो फॉर्म भरतात, तो ३० वर्षांवरच्यांचा. टाइप १ जास्त करून होतो मुलांना आणि तरुणांना. म्हणजे ज्याला डीकेएचा धोका जास्त, तोच यादीबाहेर. उपकेंद्रात ग्लुकोमीटर असतो, गरोदर बायांच्या लघवीतली साखर बघायच्या पट्ट्याही असतात. त्या धाप लागलेल्या बारा वर्षांच्या पोरालाही चालतात, त्यासाठी वेगळा आदेश लागत नाही. पुढच्या ग्रामसभेत एवढंच विचारा: उपकेंद्रात स्ट्रिप किती शिल्लक आहेत, त्यांची मुदत कधी संपते, डबी कुठे ठेवली आहे? कीटोन पट्टीची एक डबी गावाच्या निधीतून घ्यायची मागणी मांडा आणि ती ठरावात लिहून घ्या. आणि पेशंट पुढे पाठवताना चिठ्ठीवर 'पेशंट रेफर' एवढंच लिहू देऊ नका. साखरेचा आकडा आणि वेळ, मिनिटाला श्वास किती, उलट्या कधीपासून, लघवी झाली का, कोणती सलाईन किती मिली गेली, झोपेचं काही दिलं असेल तर काय आणि किती वाजता, वजन किती. सात ओळी. गाडी सुटायच्या आत लिहून घ्या.